वरचा थर

माझी वहिनी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात काम करते. खोकी बनवायला नाही, मोडायला. तिथल्या तपासणी विभागात दोन लोखंडी पाट्यांचं एक यंत्र आहे. खालच्या पाटीवर रिकामं खोकं ठेवायचं, वरची पाटी सावकाश खाली आणायची, आणि खोकं किती वजनाला मान टाकतं ते वहीत लिहायचं. दिवसाला तीसेक खोकी, गेली बावीस वर्षं. दादाने तिला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा आईने विचारलं, "काय करतेस?" ती म्हणाली, "खोकी चेपते." आईला वाटलं, पोरगी थट्टेखोर दिसते. पुढे कळलं की ही बाई थट्टा करतच नाही. पाच मिनिटांत येते म्हणाली की पाच मिनिटांत येते. चहाला दूध ओतताना पातेल्यात वाकून बघते. मी तिला आईपुढे फूटपट्टी म्हणायचे, आणि आई मला "हळू बोल गं" म्हणून स्वतःच हसायची.

वाईट नव्हती ती, कोरडी वाटायची. दादा अगदी उलट. तो बेकरीत भट्ट्या सांभाळायचा. घरात शिरला की त्याच्या आधी भाजलेल्या पिठाचा वास शिरायचा, आणि मागून तो कुणालातरी हाका मारत यायचा. त्या दोघांचं कसं जमतं, हे कोडं मी वीस वर्षं सोडवत बसले होते. ज्या वर्षी दादाचं नाक गेलं, त्या वर्षी ते सुटलं.

नाक गेलं म्हणजे वास गेला. थंडीत त्याला ताप आला, दहा दिवसांनी उतरला, आणि अकराव्या दिवशी तो कॉफीचा कप हातात धरून नुसता बघत बसला. गरम पाणी पितोय असं वाटतं, म्हणाला. डॉक्टरांनी नाकात दिवा घालून पाहिलं आणि सांगितलं की वास परत येतो, कधी महिन्यात, कधी वर्षात, कधी येतच नाही. आतली नस दुखावली आहे, वाट पाहा.

दुसऱ्या कुणी वाट पाहिली असती. दादा पडला भट्टीवाला. त्याच्या बेकरीतली तीन नंबरची भट्टी जुनी होती आणि तिचा मागचा डावा कोपरा मनाला येईल तसा तापायचा. पाव कधी फिरवायचे हे तो दारातून येणाऱ्या वासावरून ठरवायचा. कामावर परतल्याच्या चौथ्या दिवशी अख्खी खेप कोळसा झाली. धूर डोळ्यांना लागला तेव्हा त्याला कळलं. बेकरीच्या मालकीणबाईंनी दुसऱ्या दिवसापासून त्याला पाव कापायच्या आणि पिशव्या भरायच्या टेबलावर बसवलं. पगार तोच, फक्त पाठ भट्टीकडे.

मग त्याचं जेवण तुटलं. जीभ शाबूत होती, खारट, गोड, आंबट कळायचं. पण त्याच्या पलीकडचं सगळं गेलं होतं. कांदा आणि सफरचंद यांत फरक फक्त पाण्याचा, म्हणायचा. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. वसंतात तो दोन पँटी घेऊन आला, कंबर आत घ्यायला. मी दीड इंच घेतली. दोन महिन्यांनी त्याच पँटी घेऊन परत आला. मी टेप लावली आणि तोंडातल्या टाचण्या तोंडातच ठेवल्या, म्हणजे बोलायला नको.

"काय खातोस काय तू?" शेवटी विचारलंच.

"खातो की," तो म्हणाला. "चोथा."

त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला. "रविवारी दुपारी जेवायला ये. आणि भूक ठेवून ये. तुझ्या दादाला एकट्याला खायला लावलं तर ते खाणार नाहीत."

वहिनीला स्वयंपाकाची फार हौस नाही, पण एक पदार्थ ती फार सुंदर करते. काचेच्या खोलगट भांड्यात बटाटा, फ्लॉवर आणि मटार यांचे थर, मधे पांढरा सॉस, वर चीजची जाड गोधडी, आणि सगळं ओव्हनमध्ये. घरात त्याला नुसतं 'बेक' म्हणतात. दादा वर्षानुवर्षं दर रविवारी तो बेक खायचा आणि भांड्याच्या कडा चमच्याने खरवडायचा. मला वाटलं, चला, वहिनीने निदान त्याच्या आवडीचं केलंय.

टेबलावर मोठं भांडं नव्हतंच. सहा लहान वाट्या होत्या, प्रत्येकीखाली एक कागद, त्यावर एक ते सहापैकी एक आकडा.

"खालचं सगळ्यांत सारखं आहे," वहिनी म्हणाली. "वरचा थर वेगळा आहे. एकेक घास खा आणि कसं मोडतं ते सांगा."

"कसं लागतं ते?" मी विचारलं.

"नाही. कसं मोडतं."

पुढे तिने सांगितलं ते असं. दोन आठवडे ती दादाच्या ताटावर लक्ष ठेवून होती. तो काय टाकतो यापेक्षा काय संपवतो हे तिने वहीत टिपलं. कडक भाजलेला ब्रेड, काकडी, भाजलेले शेंगदाणे, आणि एकदा अर्धा किलो गाजरं, तीही कच्ची. जे दाताखाली आवाज करतं ते तो शेवटपर्यंत खात होता. भात, सूप, उकडलेले बटाटे, केळं, सगळं परत जात होतं. "त्यांना कच्ची गाजरं खाऊन जगता येणार नाही," ती म्हणाली. "अंगाला लागेल असं काहीतरी पोटात जायला हवं. बेकमधे दूध, लोणी, बटाटा, सगळं आहे. फक्त मऊवर मऊ आहे. वरचा थर योग्य निवडला तर खालचं त्याच्यासोबत जाईल."

मला हे सगळं फारच खोक्याच्या कारखान्यातलं वाटलं. दादालाही.

एक नंबर, नेहमीचं चीज. तो म्हणाला, रबरी चप्पल. दोन नंबर, ब्रेडचा बारीक चुरा. वाळू. तीन नंबर, कुस्करलेले बटाट्याचे वेफर्स. त्यावर त्याने भुवया जरा उचलल्या, पण दुसऱ्या घासाला वेफर्स लोळागोळा झाले होते. चार नंबरचे कॉर्नफ्लेक्स चामड्यासारखे. पाच, बदामाचे काप. "हे वेगळं आणि खालचं वेगळं. बागेतले खडे खातोय असं वाटतं." सहा नंबरचा तळलेला कांदा त्याने तोंडात घातला, चावला, आणि चमचा खाली ठेवला.

"मी काय प्रयोगशाळेतला उंदीर आहे?" आवाज चढवला नाही त्याने. खुर्ची मागे सरकवून तो आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

वहिनी वाट्या गोळा करत होती, आकड्यांच्या क्रमाने. मला तिचा इतका राग आला की मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

"वहिनी, जरा माणसासारखं वाग त्याच्याशी. त्याचं काय गेलंय याची तुला कल्पना आहे का? आणि तू त्याला आकडे घालून वाट्या देतेस."

ती नळाखाली हात धूत होती. धुऊन झाले, पुसून झाले, मग माझ्याकडे वळली.

"वास परत आणणं माझ्या हातात असतं तर आणला असता," ती म्हणाली. "ते माझ्या हातात नाही. डॉक्टरांच्याही नाही. पण एखादी गोष्ट दाबल्यावर कशी मोडते, ते मला कळतं. मला तेवढंच कळतं. मग मी त्यातूनच काहीतरी करणार ना?"

तिने तीन नंबरची वाटी पुढे ओढली आणि वेफर्सचा उरलेला थर काट्याने दाबला. कान वाटीजवळ नेला होता, डोळे मिटलेले. असं ऐकताना मी तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"हा मघाशी छान मोडला होता," ती म्हणाली. "चार मिनिटांत गेला. खालून वाफ येते. पुठ्ठ्याचंही असंच असतं. कोरडं खोकं जेवढं वजन पेलतं, त्याच्या निम्म्यालाही दमट खोकं टिकत नाही. म्हणजे थर कडक असून भागत नाही. वाफेतही कडक राहणारा हवा."

"आणि त्याने खाल्लंच नाही तर?"

"तर पुढच्या रविवारी दुसरं करीन."

त्यानंतर तिने सहा वाट्या पुन्हा कधी मांडल्या नाहीत. दादाला ते लागलं होतं हे तिला बरोबर समजलं होतं, फक्त तिने तसं बोलून दाखवलं नाही. आता ती वाट्या कामावरून आल्यावर स्वतःच्या जेवणात करायची, एका वेळी एक, आणि रविवारी जमलेलं तेवढंच टेबलावर यायचं. एकदा मी संध्याकाळी सहज गेले, तर ओट्यावर तिचा टायमर टिकटिकत होता आणि ती दर मिनिटाला एक चमचा चुरा खात उभी होती. जेवण झालं का म्हणून विचारलं तर म्हणाली, हेच ते. आठवडाभर तिच्या पोटात ब्रेडचा चुराच जात होता.

हळूहळू ती काही गोष्टींपर्यंत पोहोचली. पाव किसून बारीक चुरा केला की तो वाफ लगेच पितो, म्हणून तुकडे मोठे हवेत. तुकडे आधी कोरडे भाजून घ्यायचे आणि मग वितळलेल्या लोण्यात घोळवायचे, म्हणजे लोण्याचं अस्तर पाणी आत येऊ देत नाही. चीज पूर्णपणे काढायचं नाही, पातळ करून तुकड्यांच्या खाली घालायचं, ते वाफ अडवतं. आणि तुकडे शेवटच्या दहा मिनिटांतच वर टाकायचे. हे मी आज एका दमात सांगते आहे. तिला त्यासाठी तीन रविवार लागले. त्या तिन्ही रविवारी दादा दोन-चार घास खाऊन "बरं आहे" म्हणत उठला. त्याचं ते "बरं आहे" ऐकणं माझ्या जिवावर यायचं. वहिनी मान डोलवायची आणि भांडं उचलायची.

चौथ्या रविवारी मोठं काचेचं भांडं टेबलावर आलं. वर सोनेरी, ओबडधोबड तुकडे. वहिनीने दादाच्या ताटात दोन पळ्या वाढल्या, एक भांड्याच्या उजवीकडची, एक डावीकडची. मला ते तेव्हा लक्षात आलं नाही.

दादाने पहिला घास घेतला. गालात आवाज झाला, मला टेबलापलीकडे ऐकू आला इतका. तो चावत राहिला. मग दुसरा घास, ताटाच्या दुसऱ्या बाजूचा. त्यावर तो मधेच थांबला, जबडा तसाच, आणि पुन्हा सावकाश चावला.

"हा पाव कधीचा?" त्याने विचारलं.

"कालचा," वहिनी म्हणाली.

"इकडचा कालचा. हा नाही. हा तीन-चार दिवसांचा आहे."

"बुधवारचा," वहिनी म्हणाली. "डाव्या बाजूला बुधवारचा घातलाय. फरक पडतो का ते बघायचं होतं."

दादाने तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, आता पुन्हा उंदीर निघणार. पण तो ताटातले उजवीकडचे तुकडे काट्याने बाजूला करत होता.

"फरक पडतो का म्हणजे काय? कालच्या पावात पाणी असतं. तू कितीही भाज, वरून कडक होतो आणि मधे चिवट राहतो. बुधवारचा आरपार मोडतो. ऐक." त्याने एक तुकडा काट्याखाली दाबला. "आणि हा." दुसरा दाबला. "कळलं?"

"पहिला दोनदा मोडला," वहिनी म्हणाली. "दुसरा एकदम."

"बरोबर," दादा म्हणाला, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याचा आवाज मला बेकरीतल्या दादाचा वाटला. "आणि हे सुरीने कापलेत तू. कापायचे नाहीत. हाताने तोडायचे. कापलेली बाजू सपाट असते, तिला धार नसते. तोडलेल्याला टोकं राहतात, ती आधी भाजतात. आणि कडा कुठे गेल्या पावाच्या?"

"काढल्या. त्या जास्त कडक होतात."

"काढल्या," दादाने माझ्याकडे बघून म्हटलं, जणू मी साक्षीदार. "पावातली खरी गोष्ट तीच, आणि बाईसाहेबांनी ती काढली."

तो उठला. यावेळी आतल्या खोलीत नाही, स्वयंपाकघरात गेला. ब्रेडचा डबा उघडून त्याने उरलेला बुधवारचा पाव बाहेर काढला, उलटा केला, बोटाच्या पेराने बुडावर टकटक केली, आणि कान लावला. मग वहिनीला जवळ बोलावून तिला ऐकवलं. ती पुन्हा वाजवा म्हणाली. त्याने पुन्हा वाजवलं. मी दारात उभी राहून बघत होते. एकाचे कान पावाला तयार झालेले, एकीचे खोक्यांना, आणि दोघं एका शिळ्या पावावर वाकलेली. त्यांचं कसं जमतं, हे मला पुन्हा कुणाला विचारावं लागलं नाही.

त्या दुपारी दुसरा बेक झाला. पाव दादाने तोडला, कडांसकट. कडा आणि आतला भाग वेगळे भाजले, कारण दोघांना वेळ वेगळा लागतो. लोण्यात लसणाची एक पाकळी ठेचून घातली. त्याला वास येणार नव्हता, पण "तुम्हा दोघींना येतो ना," म्हणाला. वहिनीने टायमर लावला. दादाने टायमरकडे पाठ केली आणि ओव्हनच्या दारापाशी स्टूल ओढून बसला. टायमर वाजायला मिनिटभर असताना तो म्हणाला, "काढ." वहिनीने विचारलं नाही, काढला.

भांडं लाकडी पाटावर ठेवलं आणि त्यातून बारीक तडतड येऊ लागली.

"पाव भट्टीतून काढला की गार होताना असाच बोलतो," दादा म्हणाला. "शंभर पाव एकदम बाहेर आले की पाऊस पडल्यासारखं वाटतं. टेबलावर बसतो तिथे ऐकू येत नाही. पंखा असतो."

मग आम्ही जेवलो. दुसऱ्यांदा, आणि तरी भांडं रिकामं झालं. दादाने तीनदा घेतलं. खालचा बटाटा, सॉस, फ्लॉवर, सगळं वरच्या थराबरोबर गेलं, वहिनी म्हणाली होती तसं.

भांडी आवरताना मी तिला म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं."

"कशात?"

"त्या दिवशी इथेच बोलले ना तुला. माणसासारखं वाग म्हणून."

तिने थोडा विचार केला. "ते चूक नव्हतं. सहा वाट्या मांडायला नको होत्या, ते मला नंतर कळलं. पण तू ओरडलीस म्हणून कळलं." आणि माझ्या हातातलं फडकं बदलून तिने मला कोरडं दिलं.

आठवड्याभराने दादा मालकीणबाईंकडे गेला. तीन नंबरची भट्टी मला परत द्या, म्हणाला. नाकाने नाही, कानाने आणि डोळ्यांनी चालवतो. मागच्या कोपऱ्यात एक तापमापक बसवून द्या, पंखा माझ्यापासून लांब ठेवा. मालकीणबाई हिशेबी बाई, एकदम हो म्हणाल्या नाहीत. मंगळवारी एक खेप करून दाखवा, म्हणाल्या. दादाने ती खेप बाहेर काढली तेव्हा वहिनी रजा टाकून बेकरीच्या दाराशी उभी होती. त्याआधी तिने कधी रजा टाकलेली मला आठवत नाही. मालकीणबाईंनी दहा पाव उलटे करून पाहिले, अकरावा दादाने स्वतः त्यांच्या हातात दिला. दोन मंगळवारांनंतर भट्टी त्याची झाली. वेलदोडा किंवा दालचिनी घातलेल्या गोड पावांना तो हात लावत नाही, ते शेजारची भट्टीवाली बघते. बाकी सगळं तोच.

वास आला का, असं सगळे विचारतात. नाही आला. आता दीड वर्ष झालं. मधे एकदा कॉफीसारखं काहीतरी आलं म्हणाला, पण दुसऱ्या दिवशी गेलं. तो त्याबद्दल फार बोलत नाही, आणि आम्ही विचारत नाही. त्याच्या पँटींची कंबर मात्र मी दोनदा सैल करून दिली.

रविवारचा बेक आता तो करतो. वहिनी टेबलाशी बसते, आणि पहिला घास तिचा असतो. तो उभा राहून तिच्या तोंडाकडे बघतो. दुसऱ्या कुणाची बायको असती तर प्रत्येक वेळी छान झालंय म्हणाली असती, मीही म्हटलं असतं. वहिनी चावते, गिळते, मग सांगते.

गेल्या रविवारीही तसंच झालं.

"कडक बरोबर आहे," ती म्हणाली. "लसूण जास्त झालाय."

"किती?"

"एक पाकळी. आणि लोणी थोडं करपलंय, अगदी शेवटी. वास येतोय."

"करपलेला?"

"हलका. वाईट नाही. शेंगदाण्यासारखा."

दादाने डोळे बारीक करून बेककडे पाहिलं, जणू तिच्या बोलण्यातून तो वास त्याला दिसत होता. "म्हणजे अर्धा मिनिट आधी काढायला हवा होता," तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला. "वाढ आता. त्या कोपऱ्यातला मला."